फ्रेम नवी, बाकीचं जुनंच



माउंटन बाइकची फ्रेम चिरते ती बहुधा ठरलेल्या जागी. हँडलखालच्या हेड ट्यूबच्या जोडाशी, सीटची नळी आडव्या नळीला मिळते तिथे, किंवा बॉटम ब्रॅकेटमधून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांनी पावसाळा संपला की चिखल धुऊन या जागा बघाव्यात. बघाव्यात म्हणजे नखाने चाचपाव्यात. रंगावरचा ओरखडा नखाला तेवढा जाणवत नाही, चीर मात्र नखाला अडते.

फ्रेम पोलादी असेल तर चांगला कारागीर ती सांधून देऊ शकतो. पण आज आपल्याकडे बहुतेक माउंटन बाइक अ‍ॅल्युमिनियमच्या, अनेकदा ६०६१ या मिश्रधातूच्या असतात. या धातूची ताकद कारखान्यातल्या भट्टीत, ठरावीक तापमानाला तापवून आणि मुरवून आलेली असते. आर्गन वेल्डिंगने चीर बुजते, पण जोडाच्या शेजारचा धातू मऊ पडतो. पुन्हा भट्टीचे संस्कार झाल्याशिवाय तो पूर्वीसारखा होत नाही, आणि कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये ती सोय नसते. उतारावर हेड ट्यूब निखळली तर काय होईल याचा विचार करा आणि अशी फ्रेम वेल्डिंगला देऊ नका. ती बदला.

पण बदलायची ती फ्रेम. सबंध सायकल नव्हे. इथेच माझं अनेकांशी जमत नाही. चाकं सरळ आहेत, ब्रेक धरतात, क्रँक मजबूत आहे, गिअर पडतात, आणि केवळ एक नळी चिरली म्हणून हे सगळं मोडीत काढायचं? हे भाग नव्या फ्रेमवर चढवता येतात. माउंटन बाइकचा जन्मच मुळी या उद्योगातून झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, सत्तरच्या दशकात काही तरुण तीस-चाळीस वर्षं जुन्या श्विन सायकलींच्या जाडजूड फ्रेम शोधून आणत. त्यांवर दुसऱ्या सायकलींचे गिअर, मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी, जे मिळेल ते चढवत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. तो उतार इतका तीव्र, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं भरावं लागे. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली आणि तिच्यावर असेच ठिकठिकाणचे भाग बसवले. आधुनिक माउंटन बाइकची वंशावळ तिथून सुरू होते.

मग आज हे काम अवघड का वाटतं? कारण मापं. आपल्या काळ्या दांडीच्या सायकलीचं बरं होतं. एका कंपनीचं पेडल, एक्सल, कॉटर पिन दुसऱ्या कंपनीच्या सायकलीला बसे, आणि गावातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे ते मिळे. माउंटन बाइकच्या कंपन्यांनी मात्र दर काही वर्षांनी माप बदललं. मागच्या हबचंच बघा. आधी रुंदी १३५ मिलिमीटर, मग आरपार जाणाऱ्या १२ मिलिमीटरच्या एक्सलसह १४२, आणि आता १४८. यातले १३५ आणि १४२ हे सख्खे भाऊ आहेत. अनेक हबमध्ये फक्त टोकाच्या टोप्या बदलल्या की काम होतं. १४८ ला मात्र दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. त्यासाठी स्पेसर मिळतात, पण डिस्कसुद्धा तेवढीच सरकवावी लागते.

म्हणून आधी फ्रेम आणि मग मापं, असा क्रम ठेवू नका. जुनी सायकल खोला, व्हर्नियर कॅलिपरने एकेक भाग मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन फ्रेम शोधायला निघा.

मोजताना एक नियम ध्यानात ठेवा. बारीक भाग मोठ्या भोकात बसवता येतो, जाड भाग लहान भोकात नाही. सीटची दांडी २७.२ मिलिमीटरची असेल आणि नवी फ्रेम ३१.६ ची, तर मध्ये शिम घालून ती पक्की बसते. उलट करायला गेलात तर दांडी नवीच घ्यावी लागेल. फोर्कचंही तसंच. जुन्या फोर्कची वरची नळी सरळ असेल, तर योग्य हेडसेट घेऊन ती खाली रुंदावणाऱ्या हेड ट्यूबमध्ये बसवता येते. खाली दीड इंच जाडीची निमुळती नळी मात्र जुन्या अरुंद हेड ट्यूबमध्ये शिरणारच नाही. फोर्कच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहज निसटते. ही नळी जुन्या फ्रेमच्या उंचीप्रमाणे कापलेली असते. जुनी हेड ट्यूब १०० मिलिमीटर आणि नवी १२० असेल, तर खालचे स्पेसर काढूनही स्टेमला धरायला नळी अपुरी पडू शकते. दुकानदार हे सांगेलच असं नाही. तुम्हीच विचारा.

२६ इंची चाकांबद्दल नेहमी विचारलं जातं. डिस्क ब्रेक असतील तर ती साडेसत्तावीसच्या फ्रेममध्ये फिरतात. पण रिमची मापं ५५९ आणि ५८४, म्हणजे तेवढाच टायर ठेवला तर सायकल साडेबारा मिलिमीटर खाली बसते. सपाट रस्त्यावर ते कळणार नाही, खडकाळ वाटेवर पेडल दगडाला लागेल. तिथे मी चाकं बदला असंच सांगेन.

बॉटम ब्रॅकेट सोडवताना बरेच जण नेटाने उलट्या दिशेला पाना फिरवत बसतात. आट्यांच्या ब्रॅकेटमध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. ती बाजू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटते, डावी बाजू नेहमीसारखी. कोकणात, खाऱ्या हवेत राहिलेल्या सायकलीचा कप धरून बसलेला असतो. तिथे भेदक तेल घालून रात्रभर थांबावं, हातोडी उचलू नये. नवी फ्रेम निवडायला वाव असेल तर ती आट्यांचीच घ्या. दाबून बसवलेले बेअरिंग आपल्या पावसाळ्यात करकरायला लागले, की ते काढायला खास हत्यार हुडकावं लागतं. आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. पुढच्या वेळी ते खोलणाऱ्या माणसावर तो उपकारच असतो.

सगळंच जुनं उचलून चढवू नये, हेही सांगायला हवं. चेनवर फूटपट्टी धरा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून बारा जोड कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला, एक अष्टमांश झाली तर कॅसेटचे दातेही गेले म्हणून समजा. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा, त्यांची बाहेरची नळी, हे नवंच घ्या. नव्या फ्रेममध्ये त्यांची लांबी वेगळी लागते. डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर बहुधा त्या त्या फ्रेमचाच असतो. तो दोन घ्या, कारण पडल्यावर पहिला वाकतो तोच. हायड्रॉलिक ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून न्यायची असेल तर ती सोडवून पुन्हा तेल भरावं लागतं. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. त्यात मोटारीचं डॉट द्रव घातलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. हे काम हात बसलेला नसेल तर जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

बांधणी झाल्यावर पहिली फेरी सपाट रस्त्यावर मारा. स्टेमचे आणि क्रँकचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, मगच टेकडीकडे वळा.

यातून काही भाग उरतील. ते भंगारात घालू नका. आपल्या गावोगावच्या रेंजर सायकलींना आजही २६ इंचीच चाकं असतात, आणि तुमची जुनी ५५९ ची रिम नि टायर त्यांना बसतात. जवळच्या सायकल दुकानात ते देऊन या.