अंघोळीची गाडी
(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आज मी अंघोळीविषयी बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकांवर हशा पिकला. हसा, हरकत नाही. पण मला सांगा, आठ दिवस अंगाला पाणी नाही, अंगावर तेच कपडे, अशा स्थितीत तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला जाल काय? बसमध्ये तुमच्या शेजारी कोणी बसेल काय? बेघर माणसाला भाकरी देणारे हात पुष्कळ असतात. पाणी आणि आडोसा देणारे थोडे. आणि अंगाला वास आला की माणूस स्वतःच लोकांपासून दूर दूर बसू लागतो.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को हे मोठे धनवान शहर. तेथे २०१३ साली एका रात्रीत केलेल्या मोजणीत सहा हजारांवर बेघर माणसे आढळली. जनसंपर्काच्या व्यवसायात असलेल्या डोनीस सँडोव्हाल या बाईंनी रस्त्यावरील एका स्त्रीला आपण कधी स्वच्छ होणारच नाही म्हणून रडताना ऐकले. शहरात चाकांवरच्या गाड्यांतून खाद्यपदार्थ विकले जात. अन्न चाकांवर फिरते, तर न्हाणीघर का नाही, असे बाईंच्या मनात आले. नगर परिवहन खात्याच्या मोडीत निघालेल्या बसगाड्या त्यांनी मागून घेतल्या. एका बसमध्ये दोन खोल्या, प्रत्येकीत फवारा, हात धुण्याचे भांडे आणि शौचकूप. पाणी घ्यायचे ते आग विझवण्यासाठी रस्त्याकडेला असलेल्या नळखांबांतून, अर्थात नगरपालिकेच्या परवानगीने. गाडीत ते तापवले जाई. २०१४ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली. नाव ठेवले ‘लावा मे’. स्पॅनिश भाषेत ‘लावामे’ म्हणजे ‘मला न्हाऊ घाल’.

जुन्या बसची देखभाल जड जाऊ लागली, तेव्हा पुढे त्यांनी ओढून नेता येणाऱ्या लहान गाड्या वापरल्या. फुकट मिळालेली वस्तू स्वस्त पडतेच असे नाही, हे आपल्या खजिनदारसाहेबांना मी काय सांगावे!

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे निक मार्चेसी आणि लुकास पॅचेट या वीस वर्षांच्या दोन मित्रांनी एका जुन्या व्हॅनमध्ये कपडे धुण्याची दोन आणि वाळवण्याची दोन यंत्रे बसवली. ‘ऑरेंज स्काय’ ही त्यांची संस्था. दोघे एकाच शाळेचे. शाळेतर्फे बेघरांसाठी अन्नाची गाडी जात असे, तिच्याबरोबर ते विद्यार्थीदशेत जात. पालकहो, हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. अशा कामाला मुलगा गेला की अभ्यास बुडाला, असे आपण फार लवकर ठरवतो.

आता खरी गोष्ट ऐका. कपडे धुऊन वाळायला सुमारे तासभर लागतो. तेवढा वेळ करायचे काय? म्हणून गाडीबरोबर नारिंगी रंगाच्या सहा खुर्च्या आल्या. धुवायला आलेला आणि धुऊन देणारा दोघे शेजारी बसू लागले, क्रिकेटवर, हवापाण्यावर, जुन्या नोकरीवर बोलू लागले. उपदेश नाही, चौकशी अर्ज नाही. कित्येकांशी दिवस दिवस कोणी बोललेलेच नसते. या बोलण्याचे मोल धुलाईपेक्षा जास्त आहे, असे ते दोघे सांगत आले. २०१६ मध्ये दोघांना ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला, २०१८ मध्ये काम न्यूझीलंडला पोहोचले. मला विचाराल तर त्या खुर्च्यांचा शोध यंत्रांहून मोठा.

गाडीने घर मिळत नाही, हे खरे. घराचा प्रश्न सरकारचा आणि समाजाचा. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर बेघर नोंदले गेले. पदपथावरच्या आयाबहिणी पहाटेच्या अंधारात साडीचा आडोसा करून अंघोळ उरकतात, हे मुंबईत राहणाऱ्या कोणीही पाहिले आहे. दर एक लाख वस्तीमागे एक, बारमाही चालणारा निवारा असावा, त्यात पाणी आणि शौचालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांबाबत बजावले.

तुमच्या शहराला किती निवारे हवेत, हा भागाकार पाचवीतल्या मुलालाही येईल. प्रत्यक्षात किती आहेत आणि त्यांच्या नळाला पाणी येते काय, हे मात्र तेथे जाऊनच पाहावे लागेल.