जुन्या गाडीचा टोचन हूक

आजचा विषय जरा तेलकट हातांचा आहे, पण तो घरातल्या सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे.

नेदरलँड्समध्ये आपल्यातले बरेच जण जुनी, दणकट एसयूव्ही घेतात. आजी-आजोबा, मुलं, तंबू, सगळं तिच्यात मावतं. मग एखाद्या पावसाळी शनिवारी कार्यक्रमाला जाऊन गाडी गवतावर लावली की चाकं रुततात. किंवा अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर येतो, आपण गाडी कडेला घेतो आणि तिथे पाटी असते 'झाख्ते बेर्म', म्हणजे रस्त्याची कड मऊ आहे. कडेपलीकडे पाण्याचा चर असतोच. कोणीतरी म्हणतं, "टोचन करून काढू." दोर बांधायला खाली वाकून बघावं, तर हूकच नाही!

अनेक जुन्या मॉडेलांचं असं असतं की एका देशात विकलेल्या गाडीला कंपनीने हूक दिला आणि दुसऱ्या देशात दिला नाही. चासी मात्र तीच. तिच्यात भोकं आणि आतून वेल्ड केलेले नट बहुधा तयार असतात. त्यामुळे 'स्लोपराय', म्हणजे इथल्या गाड्यांच्या भंगारखान्यातून, त्याच मॉडेलचा मूळ हूक आणून बसवणं हा शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे सांगायला नको. प्रश्न एवढाच, की त्या लोखंडावर आपण किती भरवसा ठेवायचा?

आधी गाडीखाली नीट बघा. चासीला पातळ कड्या दिसतील. गाडी जहाजावर बांधून ठेवायला त्या असतात, रुतलेली गाडी ओढायला नाहीत. काही गाड्यांबरोबर बंपरमध्ये फिरवून बसवायची रिंग येते. ती बंद पडलेली गाडी सरळ रस्त्यावर हळू ओढण्यापुरती. आणि मागे असतो 'ट्रेकहाक', ट्रेलर जोडायचा गोळा. त्याला दोर अडकवून हिसका कधीही देऊ नका. गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं दगावली आहेत.

आता भंगारातला हूक कसा पारखायचा? तारेच्या ब्रशने रंग आणि गंज काढा. वाकलेला, तापवून सरळ केलेला किंवा कुठेही वेल्डिंग केलेला हूक सरळ परत द्या. बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर त्याने आधीच फार सोसलंय. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी आपल्या मिस्त्रींची जुनी युक्ती वापरा. हूक रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात काही तास बुडवा, कोरडा पुसा आणि त्यावर खडू घासा. चीर असेल तर तेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. वाकणापाशी आणि भोकांभोवती जास्त लक्ष द्या.

हूक जुना चालेल, बोल्ट मात्र नवेच घ्या. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, ८.८ किंवा १०.९. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोचा ताण तुटेपर्यंत सोसणार. पुढचा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांनंतर बोल्ट कायमचा ताणला जातो. आकडा नसलेला बोल्ट इथे वापरू नका. कंपनीने जो दर्जा सांगितलाय तोच घ्या.

दुसरी गोष्ट आट्यांची. दुकानातल्या साध्या एम १२ बोल्टचे आटे १.७५ मिलिमीटर अंतरावर असतात, तर जपानी गाड्यांत बहुतेक वेळा १.२५. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा बोल्ट पान्याने जोर लावून घुसवला की चासीतला नट बाद झाला. म्हणून पहिले चार-पाच फेरे नेहमी हाताने फिरवा. अडला तर थांबा. शेवटी कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळा. बोल्टने हूक चासीवर घट्ट दाबून धरणं, हीच त्या जोडाची खरी ताकद.

आणि चासी? इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते जुन्या गाडीला आतून खातं. हूक बसवायच्या जागी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर हूक लावूच नका. आधी गॅरेजमध्ये दाखवा.

आता ओढताना. रिमपर्यंत रुतलेली दोन टनांची गाडी काढायला तिच्या वजनाइतका जोर लागू शकतो, आणि हिसका दिला तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून आधी फावड्याने चाकांपुढची माती काढा, मग दोर हळूहळू ताणा. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात गाडीबाहेर कोणी उभं राहायचं नाही. आपल्याकडे गाडी अडकली की दहाजण सल्ला द्यायला जमतात आणि त्यांच्या पायाशी मुलं असतात. त्यातल्या एकाला फक्त मुलांना लांब ठेवायचं काम द्या. तेही मदतीचंच काम आहे.

बंद गाडी रस्त्यावरून न्यायची असेल तर इथला नियम लक्षात ठेवा. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, हेही मागच्या चालकाला आधीच सांगा. गाडी ऑटोमॅटिक किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर चाकांवर ओढण्याआधी तिचं पुस्तक वाचा. गिअरबॉक्स खराब होऊ शकतो.

आणि गाडी चरात उतरलीच असेल तर हौस बाजूला ठेवा. 'आनवेबे'ची पिवळी 'वेखेनवाख्त' सेवा १९४६ पासून हेच काम करतेय. सभासद असाल तर फोन करा, नसाल तर विमा कंपनीला विचारा. थोडा वेळ जाईल, चहा थंड होईल, पण सगळे धडधाकट घरी येतील.

तर मंडळी, या आठवड्यात पाऊस नसेल तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली एकदा बघून घ्या. नमस्कार!