लेखणी आणि संगणक

नांदेडच्या वा लातूरच्या एखाद्या शाळकरी मुलास भ्रमणध्वनीवरून आजीला निरोप धाडावयाचा असला, म्हणजे पुष्कळदां तो मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो. वहींत त्याचें बाळबोध अक्षर सुवाच्य असतें. कळफलकापुढें मात्र तें परकें होतें. मग त्याच्या हातीं लेखणीच दिली तर? लेखणीनें चालणारे संगणक आज मिळतात. परंतु मेजावरील संगणकाची रूढ कार्यप्रणाली त्या लेखणीस मानवते काय, हा खरा प्रश्न होय.

ही प्रणाली माउस व कळफलक यांच्यासाठीं घडलेली आहे. माउस धरणारा हात पडद्यापासून दूर असतो. लेखणी धरणारा हात पडद्यावरच टेकतो, मजकूर झांकतो, आणि तळहाताचा स्पर्शही यंत्रास खूण वाटूं शकतो. बाणासाठीं आखलेल्या बारीक चौकटी लेखणीच्या टोकानें गांठणें कष्टाचें पडतें.

मायक्रोसॉफ्टनें १९९२ सालीं आणि पुन्हां २००२ सालीं विंडोजवर लेखणीची सोय चढविली. पाया जुनाच राहिला. उलटपक्षीं, गो कंपनीची पेनपॉइंट ही प्रणाली लेखणीकरितांच, वहीच्या धर्तीवर निर्मिलेली होती. पण ती बाजारांत टिकली नाहीं. जुनें घर गैरसोयीचें, आणि नव्यांत नेहमींचीं साधनें नाहींत, असा हा पेंच आहे.

मराठीची अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘कि’ लिहितांना पुष्कळांचा हात वेलांटी आधीं काढतो. संगणक मात्र ‘क’ आधीं व वेलांटी मागाहून सांठवितो. बाळबोधींत शिरोरेघ बहुधा शब्द संपल्यावर देतात. मोडींत ओळभर रेघ आधीं ओढून अक्षरें तिच्याखालीं लिहीत. २०१४ सालीं मोडीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें. पण संकेतांक मिळाल्यानें हाताची चाल यंत्रास कळत नाहीं.

तेव्हां जुनी प्रणाली टाकून देण्याचें कारण नाहीं. तिचे हिशेब व दप्तर चालूं द्यावें. मात्र लेखणी तेथें माउसची बदली म्हणून येऊं नये. तळहात टेकला तरी चालावा, चौकटी मोठ्या असाव्यात, आणि जेथें टंकतां येतें तेथें लिहितांही यावें. अक्षर ओळखतां आलें नाहीं, तर शाई जशीच्या तशी पुढें जावी. कारण आजीला तें वाचतां येतें. नातवाच्या हातची वेलांटी तिच्यापर्यंत पोहोंचली, तरच ती प्रणाली लेखणीस मानवली असें म्हणावें.