घशाचे दुखणे आणि हृदयाच्या झडपा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हृदयविकार म्हटला की छातीत कळ येऊन कोसळलेला पन्नाशीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्या विकारात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी बंद होते. आज मात्र मी हृदयाच्या झडपांच्या आजाराविषयी बोलणार आहे. तो अनेकदा शाळकरी वयातच सुरू होतो.

जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला झडप समजावून सांगायला नको. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचे, परत उतरू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. हृदयात अशा चार झडपा आहेत. झडप नीट मिटली नाही तर रक्त मागे फिरते. नीट उघडली नाही तर पुढे जाताना अडते. दोन्हींत हृदयावर ताण येतो.

काही झडपा जन्मतःच सदोष असतात, काही उतारवयात कडक होतात. पण आपल्याकडे तरुणपणी झडप बिघडण्याचे मोठे कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, घरचे निश्चिंत होतात. झडप मात्र वर्षानुवर्षे आकसत जाते.

पुढे त्या मुलीचे लग्न होते, दिवस जातात. गर्भारपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरत नाही. ती धापा टाकते, रात्री उठून बसते. ‘या दिवसांत दम लागायचाच,’ असे म्हणून थांबू नका. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जिवाला धोका असतो.

अरुंद झडप मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करता येते. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी 1982 मध्ये ही पद्धत प्रथम वापरली. ते शक्य नसेल तर झडप बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली भारतीय झडप 1990 मध्ये प्रथम बसवली गेली. धातूची झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती मनाने बंद करू नये.

पण इथवर वेळच येऊ नये. घसा दुखून ताप आला तर मुलाला डॉक्टरांना दाखवा आणि औषध सांगितले तितके दिवस पुरते द्या. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ऱ्हुमॅटिक ताप एकदा येऊन गेला असेल तर सहसा दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते किमान पाच वर्षे, आणि झडपेला इजा असेल तर दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालते. मूल खेळते-बागडते झाले की सुई चुकते, आणि पुन्हा आलेला ताप झडपेला आणखी इजा करतो. दुधाचे खाडे आपण ज्या कॅलेंडरवर मांडतो, त्यावरच या सुईची तारीख मांडा. तिचा खाडा मात्र होऊ देऊ नका.