मात्रेचा विवेक : मोडलेले हाड आणि मूळपेशी



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. वाचलेल्यांपैकी अनेकांची हाडे मोडली होती. साधे मोडलेले हाड शरीर स्वतःच सांधते. परंतु हाडाचा मोठा भागच नाहीसा झाला, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. अशा वेळी रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून तेथे बसविणे हा आजही प्रमुख उपाय आहे. त्यात दुसरी जखम येते आणि हाडही मर्यादितच मिळते.

याला पर्याय म्हणून अस्थिमज्जेतील मूळपेशींकडे पाहिले जाते. योग्य संदेश मिळाल्यास त्या हाड घडविणाऱ्या पेशी बनतात. हा संदेश देणारी प्रथिने म्हणजे वृद्धिघटक. खनिजे काढलेल्या हाडाचा अंश स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, हे अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखविले. 2002 मध्ये तेथे 'बीएमपी-2' या प्रथिनात भिजविलेल्या स्पंजाला कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली.

खरी अडचण मात्रेची आहे. शरीरात हे प्रथिन अत्यल्प असते. स्पंजाच्या द्रावणात ते दर मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम असते आणि त्यातील बरेचसे लवकरच निसटते. मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यावर काही रुग्णांच्या घशाला सूज येऊन श्वास कोंडला. त्या वापरास मान्यता नव्हती. 2008 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तसा इशारा दिला.

अवर्षणाच्या या मुलखातील शेतकऱ्यास यातील मर्म सहज कळेल. मोकाट सोडलेले पाणी वाया जाते. ठिबकाने तेच पाणी मुळाशी पोहोचते. संशोधक प्रथिन सूक्ष्म कणांत साठवितात. कण विरघळतील तसे ते झिरपते. आधी रक्तवाहिन्या वाढविणारा घटक, मग हाड घडविणारा, असा क्रम साधण्याचेही प्रयत्न चालू आहेत. हे काम अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळेतच आहे.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांपुढे एक प्रश्न उरतो. तो मान्यताप्राप्त स्पंज गाईच्या शरीरातील कोलेजनचा असतो. कॅल्शियम फॉस्फेट व कृत्रिम बहुवारिकांचे सांगाडे हा त्यावरील पर्याय. मात्र प्राण्यांवरील चाचण्यांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, हे प्रांजळपणे मानले पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या शरीरात काय बसविले जाणार, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. तो प्रश्न संकोच न बाळगता विचारावा, आणि उत्तर समजून घेऊन मगच संमती द्यावी.