पास मोबाइलवर आला, मोबाइल कुणाच्या हातात?

(अण्णा नगर, चेन्नई येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या अण्णा नगरात आज आपण जमलो आहोत, तिथे 2003 साली लोकल सुरू झाली आणि 2007 साली बंदही पडली. रूळ टाकले, फलाट बांधला, म्हणजे गाडीत माणूस चढतोच असे नाही, हे आम्हा रेल्वेवाल्यांना कुणी शिकवायला नको. इंटरनेटचेही तसेच आहे. टॉवर गावोगाव उभे राहिले. पण गाडीत चढले कोण आणि फलाटावर राहिले कोण?

सरकारच्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे, म्हणजे 2019 ते 2021 चे आकडे पाहा. देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष शंभरात 57 आणि स्त्रिया 33. आपल्या महाराष्ट्रात पुरुष 61, स्त्रिया 38. तामिळनाडूची स्थिती थोडी बरी, तरी इथेही निम्म्याहून अधिक स्त्रिया बाहेरच होत्या. त्यानंतर वापर वाढला आहे. पण हक्काची कामे मोबाइलवर ढकलण्याचा वेग त्याहून मोठा आहे.

आमच्या शाखेच्या कचेरीत एका दिवंगत ट्रॅकमनच्या पत्नी आल्या. विधवा पास काढून बहिणीला भेटायला जायचे होते. 2020 पासून रेल्वेचे पास एचआरएमएसवर निघू लागले. बाईंच्या नावापुढे नंबर नोंदवलेला मुलाचा, आणि मुलगा परगावी नोकरीला. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाई. तो ड्युटीवर असला की फोन उचलत नसे. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला बाई म्हणाल्या, "भाऊ, पास माझ्या नावाचा, मग पोराची परवानगी कशाला?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण तो नंबर आमच्याच कार्यकर्त्याने फॉर्म भरताना लिहिला होता. बाईंना कुणी विचारलेच नव्हते.

हे एका घरापुरते नाही. 2024 साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, महिना 1500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बहिणीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचे? पैसा बाईचा, पण किल्ली पुरुषाच्या खिशात!

काही साथी म्हणतात, बायकांना यातले कळत नाही. त्यांनी अंगणवाडी सेविकांकडे पाहावे. महाराष्ट्रातल्या सेविकांना 2019 मध्ये सरकारी मोबाइल मिळाले. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर अॅप आले, तेही इंग्रजीत. मोबाइल जुनाट, सारखे बंद पडणारे. ऑगस्ट 2021 मध्ये सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढून ते मोबाइल सरकारला परत केले. कामाला नकार नव्हता. चांगला मोबाइल आणि मराठी अॅप द्या, एवढीच मागणी होती. ज्यांना कळत नाही म्हणता, त्यांनी दोष नेमका कुठे आहे ते सरकारला दाखवून दिले.

टपाल खात्यातील बंधूंना एक विनंती. हयातीचा दाखला 2014 पासून डिजिटल झाला, आणि आज पोस्टमन घरी जाऊन तो काढून देतो. फार मोलाचे काम आहे. पण अंगठा घेतल्यावर दोन मिनिटे थांबा. संदेश कोणत्या नंबरवर जाणार, तो नंबर मोठ्याने वाचून दाखवा. तिचा नसेल तर तिला तसे सांगा.

आता आमच्या संघटनेकडे बोट. सभेची वेळ रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपवर टाकायची आणि दुसऱ्या दिवशी "महिला येत नाहीत" म्हणायचे, हे बंद झाले पाहिजे. घरातला एकच मोबाइल रात्री कुणाच्या उशाशी असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे :

1. पास, पेन्शन, औषधोपचार यांसाठी कागदी अर्जाची खिडकी चालू राहिली पाहिजे.

2. महिला कर्मचारी व कुटुंब निवृत्तिवेतनधारक भगिनी यांचा नंबर त्यांना विचारूनच नोंदवला जावा.

3. मोबाइल आणि संगणकाचे शिक्षण ड्युटीच्या वेळेत, आपल्या भाषेत मिळावे.

4. प्रत्येक शाखेत आठवड्यातून एक दिवस मदत केंद्र चालवावे, आणि ते महिला साथीच्या हाती असावे.

यातल्या पहिल्या तीन मागण्या प्रशासनाशी भांडून मिळवाव्या लागतील. चौथी आपण याच महिन्यात सुरू करू शकतो.

मे 1974 च्या संपात रेल्वे वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढले गेले, तेव्हा आमच्या आया-मावश्या सामान रस्त्यावर मांडून ठाम उभ्या राहिल्या. त्यांच्या लेकीसुनांना आपल्याच पाससाठी कुणाच्या फोनची वाट पाहावी लागू नये.

त्या बाईंचा नंबर आम्ही बदलून घेतला. पुढचा पास त्यांनी कचेरीत बसून स्वतःच्या हाताने काढला. चष्मा मात्र आमचा मागून घेतला!

कामगार एकजुटीचा विजय असो!