अर्धशिशी आणि शिक्षिकेची दोन वेळापत्रके
(शिक्षक संमेलनातील भाषण)



शिक्षकांच्या मेळाव्यात डोकेदुखीवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. डोके दुखणे ही तक्रार समाजात फार हलकी मानली जाते. रजेच्या अर्जात ‘डोकेदुखी’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते; यास्तव पुष्कळ शिक्षिका ‘ताप’ असे लिहून मोकळ्या होतात. दुखणे खरे, परंतु कारण मात्र खोटे लिहावे लागते!

अर्धशिशी ही साधी डोकेदुखी नव्हे. आयुर्वेदाने तिला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे; ‘मायग्रेन’ हा शब्दही ‘अर्धी कवटी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही, आणि उपचार न केल्यास हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. प्रौढ स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले लोक चौघांत सुमारे एक, असे दिसून आले.

हा मेंदूचा व मज्जातंतूंचा विकार असून त्याची प्रवृत्ती पुष्कळदा वंशपरंपरेने येते. तेव्हा केवळ कामाच्या ताणाने अर्धशिशी जडते, असे सरसकट म्हणणे घाईचे होईल. फिनलंडमधील सार्वजनिक सेवेतील स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, श्रमाच्या मानाने मोबदला व मान कमी मिळणाऱ्या स्त्रियांत हा विकार नव्याने उद्भवण्याचे प्रमाण थोडे अधिक आढळले. यातील ‘थोडे’ हा शब्द विसरता कामा नये. परंतु ज्या मेंदूत ही प्रवृत्ती आहे, त्याला अनियमितपणा मानवत नाही. झोप मोडली, जेवण चुकले, पाणी कमी पडले, मन ताणले गेले, की झटका येण्याचा संभव वाढतो.

आणि नोकरी व संसार यांची ओढाताण नेमकी याच गोष्टींवर घाला घालते. ग्रीनहाऊस व बूटेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये या ओढाताणीची फोड करताना दोन गोष्टी ठळकपणे सांगितल्या: एका कामाचा वेळ दुसरे काम खाऊन टाकते, आणि एका ठिकाणचा शीण दुसऱ्या ठिकाणी सोबत येतो. छत्रपती संभाजीनगरात राहून कन्नड, सिल्लोड वा पैठण तालुक्यातील शाळेत रोज जाणाऱ्या शिक्षिकेस हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पहाटे उठून घरच्यांचे डबे भरायचे. स्वतःचा नाश्ता राहून जातो. मग पन्नास-साठ किलोमीटरांचा प्रवास, उन्हाची तिरीप आणि कर्ण्यांचा गोंगाट. शाळेत स्वच्छतागृहाची सोय नीट नसेल तर ती दिवसभर पाणीच कमी पिते. त्यात चतुर्थीचा उपवास आला म्हणजे विचारावयासच नको. वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्यांचे काम, आणि सायंकाळी घरी पोळ्या लाटताना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, “माहिती आजच भरावी.” झोपेला रात्रीचे बारा वाजतात.

पुष्कळ शिक्षिका सांगतात की आठवडाभर डोके शांत असते आणि रविवारीच उठते. घरचे म्हणतात, “सुट्टी आली की तुझे दुखणे येते!” वस्तुतः चढलेला ताण एकाएकी उतरल्यावर झटका येतो, हे वैद्यकास ठाऊक आहे. त्यात सोंग नाही. सुट्टीच्या दिवशीही नेहमीच्या वेळी उठावे व खावे, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

झटक्यामुळे कामे तुंबतात, तुंबलेल्या कामांचा धसका वाढतो, आणि धसक्यातून पुढचा झटका. हे चक्र थांबविण्यासाठी शिक्षिका पर्समध्ये गोळ्यांची पट्टी बाळगते. येथे मोठा धोका आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, वा संमिश्र गोळ्या दहा दिवस, अशा काही महिने घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्याची निराळी औषधे असतात. ती वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. झटक्याची तारीख, आदल्या रात्रीची झोप व चुकलेले जेवण यांची टाचणवहीसारखी एक छोटी वही ठेवावी. वैद्यास ती फार उपयोगी पडते. मात्र डोकेदुखी क्षणार्धात असह्य झाली, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, किंवा तापासह मान ताठरली, तर अर्धशिशी समजून घरी न थांबता तत्काळ ‘घाटी’ रुग्णालय गाठावे.

सारा भार रुग्णावरच टाकणे मात्र न्याय्य नव्हे. काम किती, याइतकेच त्या कामावर करणाऱ्याचा ताबा किती, हेही महत्त्वाचे असते. माहितीची मागणी शाळेच्या वेळेत व दोन दिवस आधी येणे, हे केंद्रप्रमुखांच्या हातचे आहे. २०१८ पासून मिळणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मागणाऱ्या शिक्षिकेस टोमणा न मारणे, हे मुख्याध्यापकांच्या हातचे. झटक्याच्या आरंभीच औषध घेऊन तासभर अंधारात पडता आले, तर पुष्कळदा तो दिवस वाचतो. शाळेत निराळी खोली नसली तरी साहित्याची खोली असतेच. आणि तेवढ्यापुरता शेजारच्या शिक्षकाने दोन वर्ग एकत्र बसविणे द्विशिक्षकी शाळेतही जमते.